उकडा तांदूळ, ग्लुकोजची बाटली आणि बी-वन: तुमच्या प्रश्नांची उत्तरं

प्रश्न: सासरी मालवणला उकडा तांदूळच शिजतो, मला पांढरा कोलम आवडतो. खरंच फरक असतो का?

असतो, आणि सासरची मंडळी बरोबर आहेत. थायमिन म्हणजे बी-वन हे तांदळाच्या कोंड्यात असतं, पॉलिश मारलं की बहुतेक सगळं जातं. उकडा करताना सालीसकट भात भिजवून उकडतात ना, तेव्हा ते आत दाण्यात शिरतं आणि नंतर गिरणीत नेलं तरी बऱ्यापैकी टिकतं. १८९० च्या दशकात जावामध्ये आइकमान या डच डॉक्टरांना पॉलिशच्या तांदळावरच्या कोंबड्या पायातून लुळ्या पडताना दिसल्या, कोंडा दिल्यावर त्या बऱ्या झाल्या, तिथूनच बेरीबेरीचं, म्हणजे बी-वन कमी पडल्याने होणाऱ्या आजाराचं, कोडं सुटत गेलं आणि १९२९ ला त्यांना नोबेल मिळालं. कोलम खायचाच असेल तर चार-चार पाण्यांनी धुऊ नका आणि भात वेळून पाणी ओतून देऊ नका, ते प्या.

प्रश्न: भाऊ रोज पितो, जेवण जवळजवळ बंद. आता चालताना झोकांड्या जातात, एकाचे दोन दिसतात, बोलताना गोंधळतो. घरचे म्हणतात अशक्तपणा आहे, ग्लुकोजची बाटली लावू.

ताई, तुम्हाला लगेच फोन करून सांगितलंच आहे, पण बाकीच्यांसाठी इथे परत लिहितेय कारण ही चूक जिवावर बेतते. झोकांडी, डोळ्यांचा त्रास आणि गोंधळ म्हणजे वेर्निके, बी-वन कमी पडल्याने होणारा मेंदूचा आजार, असू शकतो, आणि तिन्ही लक्षणं एकदम दिसतीलच असं नाही. साखरेपासून ऊर्जा बनताना मध्ये पायरुवेट तयार होतं, ते पुढे ढकलणारं एन्झाइम थायमिनशिवाय चालतच नाही, मग लॅक्टिक ॲसिड साठतं आणि मेंदू, जो जवळजवळ सगळा ग्लुकोजवरच जगतो, उपाशी राहतो. अशात नुसतं ग्लुकोज चढवलं तर उरलंसुरलं थायमिनही संपतं. म्हणून थायमिन आधी किंवा निदान सोबत, तेही शिरेतून, कारण दारूमुळे आतडं ते नीट शोषत नाही. शुगर खरंच खाली गेली असेल तर मात्र ग्लुकोज थांबवायचं नाही. उशीर झाला तर स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते, तेव्हा घरी बाटली लावू नका, थेट हॉस्पिटल गाठा आणि दारूबद्दल काही लपवू नका.

प्रश्न: तिसरा महिना चालू आहे, तीन आठवडे उलट्या, पोटात काही टिकत नाही.

शरीरात थायमिनचा साठा जेमतेम २५-३० मिलिग्रॅम, दोन-तीन आठवड्यांत संपतो. म्हणजे तुमचा संपत आला असणार. आजच डॉक्टरांकडे जा आणि सलाईन लावण्याआधी थायमिनचं स्वतःहून विचारा, विचारायला लाजू नका.

प्रश्न: सारखा थकवा, बी-कॉम्प्लेक्सचं इंजेक्शन घेऊ का?

डाळ, शेंगदाणे, तीळ रोजच्या खाण्यात असतील तर बी-वन सहसा पुरतं, गरज दिवसाला सव्वा मिलिग्रॅमच्या आसपास, जास्तीचं लघवीतून जातं. आधी हिमोग्लोबिन, थायरॉइड, शुगर आणि बी-ट्वेल्व्ह तपासा. आणि हो, छोले लवकर शिजावेत म्हणून सोडा घालत असाल तर बंद करा, सोड्याने बी-वन मरतं, रात्रभर भिजवा आणि कुकरच्या दोन शिट्ट्या जास्त करा.