पहिला परिच्छेद त्याच निबंधाचा हवा

ठाणे आणि नवी मुंबईच्या वाचकांनी या वेळी निबंधाच्या सुरुवातीबद्दल इतकं विचारलं आहे, की सगळी जागा त्या प्रश्नांनाच दिली आहे.

मुलगी दहावीला आहे. क्लासमध्ये वैचारिक निबंधासाठी तयार सुरुवाती पाठ करून घेतात. त्यातली एक तर कुठल्याही विषयाला चालते म्हणे. सोबत पाठवते आहे. पाठ करू द्यावी का? (एक आई, नेरूळ)

नको. कुठल्याही विषयाला चालते, हीच तिच्यातली खोट आहे. तुम्ही पाठवलेला परिच्छेद असा आहे: 'आजच्या धकाधकीच्या युगात पाण्याला अनन्यसाधारण महत्त्व आहे. पाणी म्हणजे जीवन. पाण्याशिवाय मानवी जीवनाची कल्पनाच करता येत नाही. म्हणून प्रत्येकाने पाणी जपून वापरले पाहिजे.'

यात 'पाणी' खोडून 'झाडे' लिहा. एखादं क्रियापद बदललं की परिच्छेद तसाच उभा राहतो. म्हणजे पाण्याबद्दल त्यात काहीच नव्हतं. दुसरं, चौथ्या वाक्यात निष्कर्ष देऊन टाकला आहे. आता पुढे लिहायचं काय? मग मुलं तेच वाक्य फिरवून फिरवून लिहितात आणि आपण म्हणतो, मुलांना सुचत नाही. दहावीच्या पेपरात निबंध शंभर-सव्वाशे शब्दांचा असतो. त्यातले वीस-पंचवीस असे गेले तर विषयाला जागा उरत नाही.

नेरूळच्या मुलीला पाण्याबद्दल लिहायला लांब जावं लागत नाही. उदाहरणार्थ: 'आमच्या नळाला येणारे पाणी खालापूर तालुक्यातल्या मोरबे धरणातून निघालेले असते. इतक्या लांबून आणलेले पाणी आम्ही पितो आणि त्याच पाण्याने सोसायटीतल्या गाड्याही धुतो. दोन्हींसाठी एकच पाणी वापरणे आपल्याला किती दिवस परवडेल?' शब्द थोडेच वाढले, पण आता निबंधाला काम मिळालं. गाड्या धुवायला दुसरं पाणी कुठून आणायचं, सांडपाणी शुद्ध करून वापरता येईल का, त्याचा खर्च कोणी उचलायचा, हे सगळं आपोआप पुढे येतं.

मात्र हा परिच्छेदही पाठ करून घेऊ नका. आपल्या घरापासून विषयापर्यंत कसं पोचायचं, एवढंच तिने यातून घ्यावं. आणि गाड्या खरंच नळाच्या पाण्याने धुतात का, ते आधी खाली जाऊन बघावं.

यूपीएससीच्या निबंधाची तयारी मराठीतून करतो आहे. थोरांच्या वचनाने सुरुवात केली तर छाप पडते का? आणि सुरुवात किती मोठी असावी? (परीक्षार्थी, नौपाडा)

तिथे तीन तासांत दोन निबंध असतात, प्रत्येकी 125 गुणांचे, हजार ते बाराशे शब्दांचे. त्या मानाने शंभर-सव्वाशे शब्दांची सुरुवात पुरे. दोनशेच्या पुढे गेलात तर समजा, तुम्ही अजून विषयाभोवती फिरता आहात.

वचनाबद्दल माझं मत कडक आहे. वचन लिहून पुढच्या वाक्यात त्याला मान डोलवायची असेल तर ते घालू नका. परीक्षेच्या घाईत भलत्याच माणसाच्या तोंडी भलतंच वाक्य जातं आणि तपासणाऱ्याचा विश्वास पहिल्याच ओळीत उडतो. वचनाशी वाद घालणार असाल, त्याला एखादी अट लावणार असाल, तर जरूर घ्या.

त्यापेक्षा गुंतागुंत दाखवणारं एखादं वास्तव शोधा. विकास आणि निसर्ग या ठरलेल्या विषयाला बहुतेक उमेदवार 'समतोल साधला पाहिजे' इथून सुरुवात करतात. तुमच्या शेजारच्या खाडीकडे बघा. ठाणे खाडीचा काही भाग 2015 मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि 2022 मध्ये खाडी जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आली. काठावर तीन महानगरं, त्यांचं सांडपाणी खाडीत, आणि त्या सांडपाण्यावर पोसलेलं शेवाळ हेही फ्लेमिंगो मोठ्या संख्येने येण्याचं एक कारण मानलं जातं. म्हणजे पक्षी दिसतात म्हणून खाडी निरोगी आहे, असं म्हणता येत नाही. इथून सुरुवात केलीत तर 'समतोल' म्हणजे नेमकं काय मोजायचं, हा प्रश्न तुम्हाला टाळताच येणार नाही. असा न टाळता येणारा प्रश्न पहिल्या परिच्छेदात उभा राहिला, की पुढच्या हजार शब्दांना दिशा मिळते.

लिहायला बसण्याआधी कच्च्या पानावर एकच वाक्य लिहा: या विषयावर माझं म्हणणं काय? ते लिहिता येत नसेल तर सुरुवात सुचत नाही म्हणून हातावर हात धरून बसू नका. तुमचं अजून मतच ठरलेलं नाही, ते आधी ठरवा.

प्रश्नाने किंवा व्याख्येने सुरुवात केलेली चालते का? (शिक्षिका, कळवा)

प्रश्न चालतो, पण ज्याचं उत्तर सगळ्यांना ठाऊक आहे तो नाही. 'मोबाइलशिवाय आपण जगू शकतो का?' हे वाचून कोणी थांबत नाही. व्याख्या शक्यतो नको. तिच्या नेमकेपणावरच पुढचा सगळा मुद्दा उभा असेल, तरच घ्या.

'मी खाडी बोलतेय' हे आत्मकथन लिहिलं. सुरुवात अशी केली: 'नमस्कार मित्रांनो, मी खाडी बोलतेय. आज मी तुम्हाला माझी कहाणी सांगणार आहे.' बाई म्हणाल्या, सुरुवात कंटाळवाणी आहे. काय बदलू? (नववीतला विद्यार्थी, दिवाळे गाव, बेलापूर)

अरे, तू कोळीवाड्यात राहतोस. तुझ्याकडे जे आहे ते पुस्तकात बघून लिहिणाऱ्यांकडे नाही. खाडीचं नाव शीर्षकात आलेलंच आहे, तेव्हा ओळखीची दोन्ही वाक्यं काढून टाक. खाडीला जे दिसतं, जे ती रोज करते, तिथून सुरू कर. असं काहीतरी:

'दिवसातून दोनदा मी तुमच्या होड्यांपर्यंत येते आणि दोनदा मागे सरते. मी मागे सरले की उघड्या चिखलात निवट्या उड्या मारू लागतात. हल्ली त्यांच्या शेजारी दुधाच्या रिकाम्या पिशव्याही दिसतात. त्या माझ्या पोटात वाढलेल्या नाहीत.'

बघ, 'मी प्रदूषित झाले आहे' असं कुठेही म्हटलेलं नाही, तरी कळलं. आता हे माझं बाजूला ठेव आणि आजोबांना विचार: पूर्वी जाळ्यात काय यायचं, आता काय येतं? कोळंबी, चिंबोऱ्या, बोईट, जी नावं ते घेतील तीच लिही. 'विविध प्रकारचे मासे' असं लिहू नकोस. त्यांचं एखादं वाक्य फारच आवडलं तर तेच खाडीच्या तोंडी घाल.

सोसायटीच्या स्मरणिकेसाठी 'ठाणे: काल आणि आज' हा लेख लिहितो आहे. पहिला परिच्छेद पुन्हा पुन्हा खोडतो. शिलाहार, पोर्तुगीज, मराठे, पहिली रेल्वे, तलाव, सगळंच घ्यावंसं वाटतं. (निवृत्त बँक कर्मचारी, चरई)

काका, तुमचा परिच्छेद वाचला. माहिती चोख आहे, पण पाच वाक्यांत काही शतकं उरकली आहेत. वाचकाला एकही ठिकाण धड दिसत नाही.

एकच जागा निवडा, जिथे काल आणि आज एकमेकांना चिकटून उभे आहेत. ठाण्याचा किल्ला घ्या. पोर्तुगीजांनी तो बांधायला घेतला, 1737 मध्ये मराठ्यांनी जिंकला आणि आज तिथे मध्यवर्ती कारागृह आहे. चरईतून आपण कितीदा त्या बाजूने जातो, पण किल्ला म्हणून त्याच्याकडे कोण बघतं? ज्या किल्ल्यासाठी लढाई झाली तो शहराच्या मधोमध असूनही नजरेआड कसा गेला, एवढं विचारलंत तरी शीर्षकातले दोन्ही शब्द कामाला लागतात.

बाकीचं सोडायचं नाही, पुढे न्यायचं. 16 एप्रिल 1853 ची बोरीबंदर–ठाणे गाडी तिसऱ्या परिच्छेदात येऊ द्या आणि तिच्याबरोबर 1854 ची कल्याणपर्यंतची वाढही घ्या, कारण त्यासाठी खाडी ओलांडावी लागली आणि शहराचं तोंड पलीकडे वळलं.

आणि तूर्त पहिला परिच्छेद लिहूच नका. रेल्वे आणि तलाव हे भाग आधी हातावेगळे करा, किल्ल्याचं नंतर लिहा. सगळा लेख झाला की वरची चार-पाच वाक्यं झाकून वाचा. काही अडलं नाही तर ती काढून टाका आणि स्मरणिकेला पाठवून द्या.