दक्षिणेच्या गॅलरीतली भाजी : खताआधी ऊन बघा

तुम्ही लिहिलंय त्याचा सारांश असा : पुण्यात चौथ्या मजल्यावर १२ बाय ४ फुटांची दक्षिणेकडची गॅलरी, डोक्यावर स्लॅब, समोर ग्रिल. एप्रिलअखेर टोमॅटो, दुधी आणि कोबी लावला. टोमॅटो नुसते उंच वाढले, फुलं येऊन गळली. दुधीला बोटभर फळं धरली आणि पिवळी पडून झडली. कोबीचा गड्डा बांधलाच नाही. आता श्रावण चालू आहे, तर कोणतं खत घालू, आणि एवढ्या जागेत चौघांची भाजी निघेल का, असं विचारलंय.

खताचं नंतर बघू. जूनमध्ये त्या गॅलरीत कुठलंही खत घाला, टोमॅटो येणार नाही, कारण तेव्हा तिथे ऊनच नसतं. पुण्यात मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत भर दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. एप्रिल आणि ऑगस्टमध्ये तो दक्षिणेला असला तरी इतका वर असतो की स्लॅबच्या सावलीतून जेमतेम दीड फुटाचा पट्टा उजळतो. पुढे सूर्य खाली उतरायला लागतो तसं ऊन आत येतं. दसऱ्याच्या सुमारास बहुतेक गॅलरी उन्हात, आणि संक्रांतीला तर ते हॉलमधल्या सोफ्यापर्यंत पोचतं. होळीनंतर पुन्हा मागे सरकतं. म्हणजे तुमच्या गॅलरीचा फळभाज्यांचा हंगाम दसरा ते होळी. तुम्ही नेमकं उलटं वेळापत्रक धरलंत. दोष तुमचा नाही, बियांच्या पाकिटावर छापलेलं 'वर्षभर' हे मोकळ्या शेतासाठी असतं.

समोर उंच इमारत असेल तर हा हिशोब आणखी बदलेल. एका रविवारी सकाळी सातपासून दर दोन तासांनी मोबाइलवर गॅलरीचा फोटो काढा, आणि दर महिन्याला एकदा हेच करा. जिथे सहा तास थेट ऊन पडतं तिथे मिरची, वांगं, टोमॅटो. तीन-चार तास पडतं तिथे पालेभाज्या. नुसता उजेड असेल तर अळू, मायाळू, पुदिना, पानओवा. कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांनी 'प्रयोग परिवार' या प्रयोगशील शेतकऱ्यांच्या गटातून हेच सांगितलं : झाडाचं खरं भांडवल ऊन, आणि आपलं काम ते पानांवर झेलायचं. आपल्याकडे गच्चीवर बाग करणारे त्यांची 'अमृतमाती', म्हणजे पालापाचोळा कुजवून केलेली माती, तेवढी उचलतात आणि हे विसरतात.

कोबीचं म्हणाल तर गॅलरीत तो लावूच नका. थंडीचं पीक, कुंडी अडीच-तीन महिने अडवून ठेवतं आणि शेवटी मिळतो एक गड्डा, तोही मंडईत कोबी सर्वांत स्वस्त असतो त्या दिवसांत. बटाटा, कांदा, फ्लॉवर यांचंही तेच. जागा कमी असताना निवड अशी करावी की पीक एक तर महिन्याभरात हातात यावं, नाहीतर एकदा लावलं की महिनोन्महिने तोडता यावं.

दुधीची गोष्ट वेगळी आहे. त्याचं फूल संध्याकाळी उमलतं आणि परागीभवन मुख्यतः रात्रीच्या पतंगांकडून होतं. चौथ्या मजल्यावर, दिव्यांच्या उजेडात, ते येतीलच असं नाही. पुन्हा दुधी लावलात तर दिवेलागणीला वेलाजवळ उभे राहा. लांब बारीक देठाचं फूल नर. मादी फुलामागे लव असलेला इवलासा दुधी आधीपासूनच असतो. नर फूल तोडून त्याच्या पाकळ्या सोलून टाका आणि मधला पिवळा भाग मादी फुलाच्या मध्यभागी हलकेच फिरवा. फळ धरलं तर तीन-चार दिवसांत ते फुगलेलं दिसतं, नाही तर टोकाकडून पिवळं पडतं. सुरुवातीला सगळी नर फुलंच येतात, तेव्हा 'फुलं येतात, फळ येत नाही' म्हणून घाबरू नये. दोडक्याचंही काम संध्याकाळीच, काकडी-भोपळ्याचं मात्र सकाळी लवकर. पण खरं सांगू का, दुधीला मोठा ड्रम लागतो आणि तो सगळं ग्रिल खातो. तुमच्या गॅलरीसाठी तो माझ्या यादीत नाही.

माझ्या यादीत पहिला नंबर वालाच्या पापडीचा. दिवस लहान व्हायला लागले की वाल फुलतो, म्हणजे नेमका तुमच्या गॅलरीत ऊन शिरतं तेव्हा. फुलं आपली आपणच फळतात, मधमाशी आली नाही तरी अडत नाही. २० लिटरच्या रंगाच्या बादलीत दोन वेल, ग्रिलवर सुतळी बांधून वर चढवायचे. वेल उभा वाढतो, म्हणून जमिनीवर त्याला एका बादलीपुरतीच जागा लागते. आता पेरलात तर दिवाळीच्या आसपास फुलं दिसतील आणि थंडीभर शेंगा तोडत राहाल. गावठी वाण मिळाला तर उत्तमच. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे, ज्यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली, त्यांनी वालाचे आणि घेवड्याचे कितीतरी वाण जपलेत. अशा बियांचं एक सुख म्हणजे पुढच्या वर्षाचं बी आपल्याच वेलावर सुकवून ठेवता येतं. संकरित बियाण्याचं तसं नाही.

मग मिरची. घरात रोज लागते आणि झाड वर्षभर टिकतं. तीन-चार झाडं पुरतात. एक वांगं. भेंडी लावावीशी वाटेल, पण एका वेळच्या भाजीला निदान आठ-दहा झाडं लागतात, आणि पांढरी माशी आली की पानांच्या शिरा पिवळ्या पडून केवडा रोगाने खेळ खलास. हौस असेलच तर रोगाला त्यातल्या त्यात कमी बळी पडणारी परभणी क्रांती किंवा अर्का अनामिका घ्या.

टोमॅटोचं बी या आठवड्यात कपात टाका, महिन्याभरात रोप तयार होईल, तोवर ऊन आत आलेलं असेल. रात्री गार व्हायला लागल्या की फळही नीट धरतं. उन्हाळ्यात फुलं गळतात त्यात सावलीइतकाच उष्म्याचाही हात असतो.

खरं उत्पन्न मात्र पालेभाज्यांत आहे, आणि त्यातली खुबी पेरणीच्या पाळीत. सगळी मेथी एकाच दिवशी पेरलीत तर एक दिवस भाजी आणि मग रिकामा खोका. मासेवाल्यांकडचे थर्माकोलचे खोके किंवा भाजीचे क्रेट घ्या, सहा इंच खोली पुष्कळ झाली. असे सहा खोके मांडून दर पाच-सहा दिवसांनी एकात पेरा. मेथी २५-३० दिवसांत उपटायला येते, तोवर पहिला खोका पुन्हा रिकामा. मेथी, राजगिरा आणि मोहरी यांना स्वयंपाकघरातल्या डब्यातलं बी चालतं. पालक, चुका, शेपू, माठ विकत आणा. पालक उपटू नका, बाहेरची पानं कापत राहा, तोच पालक थंडीभर पुरतो. मेथीच्या खोक्यात लगेच पुन्हा मेथी नको. उपटल्यावर मूठ-दोन मूठ कंपोस्ट मिसळून तिथे पालक किंवा मुळा.

कोथिंबीर येत नाही ही तक्रार घरोघरी असते. एका धण्यात दोन बिया असतात. ते कागदावर पसरून जुन्या चपलेने किंवा लाटण्याने हलकेच रगडा, दोन फोडी झाल्या की बास, भुगा नको. रात्रभर पाण्यात ठेवा, बोटाने रेघा ओढून त्यात पेरा, वर अर्धा इंच माती आणि उगवेपर्यंत ओलं गोणपाट. उगवायला आठ-दहा दिवस लागतात, कधी जास्तही. चौथ्या दिवशी माती उकरून बघणारे लोक मी पाहिलेत. कोंब तिथेच मोडतो. उन्हाळ्यात कोथिंबीर लगेच फुलावर जाते, तेव्हा मंडईतली घ्यावी.

आता मातीबद्दल. नर्सरीतली नुसती लाल माती भरू नका. एक तर ती पाण्याने घट्ट होते, मुळांना हवा मिळत नाही. दुसरं वजन : २० लिटरची बादली ओल्या मातीची ३० किलोच्या पुढे जाते, आणि गॅलरीला अशा वीस बादल्या झेपतील असं गृहीत धरू नये. खाली वाळका पाला, उसाची चिपाडं किंवा नारळाच्या शेंड्या, वर एक भाग पोयटा (गाळाची माती), एक भाग चाळलेलं कंपोस्ट किंवा जुनं शेणखत, एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा). कोकोपीट दोन-तीन पाण्यांत धुऊन घ्या, त्यात मीठ असतं, आणि त्याला खत समजू नका, ते फक्त ओल धरतं. पाला अर्धकच्चा असेल तर तो कुजताना मातीतला नत्र ओढून घेतो आणि रोपं पिवळी पडतात. मग लोक 'मावा (रस शोषणारी बारीक कीड) पडला असेल' म्हणून औषध मारत बसतात. अशा वेळी गांडूळखताची जादा मूठ किंवा पेंडीचं आंबवलेलं पाणी दहापट पातळ करून द्यायचं.

तर खताचं उत्तर एवढंच : स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्याचं घरी केलेलं कंपोस्ट, मिरची-वांगं-वालाला पंधरवड्याला एक मूठ. त्यासाठी भोकं पाडलेल्या दोन बादल्या पुरे. भाजीच्या सालींच्या दुप्पट वाळका पाला, वरून थोडं आंबट ताक. एक भरली की दुसरी. अडीच-तीन महिन्यांत तयार होतं. वास आला तर पाणी जास्त झालंय, पाला वाढवा.

पाणी घड्याळ बघून घालू नका. बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घाला, कोरडं लागलं तर घाला. टोमॅटोच्या फळाचं बूड काळं पडतं ते बहुतेकदा पाण्याच्या अनियमितपणामुळे. मुळांना कॅल्शियम ओढता येत नाही. अंड्याची टरफलं वर टाकून चार दिवसांत फरक पडत नसतो.

किडींचा रोजचा पहारा हेच औषध. सकाळचा चहा घेताना पानं उलटी करून बघा. ग्रिलवरून मुंग्यांची रांग वर चाललेली दिसली तर शेंड्यावर मावा किंवा पिठ्या ढेकूण आहेच, मुंग्या त्यांचा गोड स्राव गोळा करतात. मावा असेल तर शेंडा पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवा. पिठ्या ढेकूण कापसाच्या बोळ्याला स्पिरिट लावून पुसा. वाढलं असेल तर लिटरभर पाण्यात ५ मिली निमतेल आणि भांड्याच्या साबणाचे चार थेंब, संध्याकाळी, आठवड्याच्या अंतराने. भर उन्हात मारलंत तर पानं करपतात. मिरचीची पानं आकसून चुरडली तर बोकड्या आला, शेंडे कापून टाका. सगळं झाड तसं झालं असेल तर त्याची माया न धरता उपटा.

होळीनंतर गॅलरीचा दुसरा अवतार. अळूच्या दोन कुंड्या धुण्याच्या नळाजवळ, जिथे पाणी सांडतं तिथे. मायाळू ग्रिलच्या टोकाला, त्याची भजी आणि डाळभाजी दोन्ही होतात. पुदिना आणि गवती चहा कायमचे, कढीपत्त्याला मात्र कडेची उजेडाची जागा द्या. पावसाळ्यात यांना जवळपास काहीच करावं लागत नाही.

चौघांची रोजची भाजी या जागेत निघणार नाही. थंडीत आठवड्याला दोनदा पालेभाजी, मधूनमधून पापडी, आणि मिरची-पुदिना-कढीपत्ता विकत न आणणं, इतकं नक्की जमेल. कोणी पंचवीस चौरस फुटांत घर चालतं म्हणालं तर त्याच्याकडचा पालकाचा खोका बघून या.

कुंड्या ग्रिलच्या कठड्यावर ठेवू नका आणि प्रत्येकीखाली ताटली असू द्या. खालच्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर मातीचं पाणी गळलं की तक्रार थेट सोसायटीच्या सभेत येते.

या आठवड्यात वालाच्या दोन बादल्या भरा, टोमॅटो-मिरचीचं बी कपात टाका, आणि ग्रिललगतच्या दीड फुटात मेथीचा पहिला खोका ठेवा. वालाचं बी मागताना 'पापडीचं, वेलाचं' असं सांगून घ्या. वाण्याकडचे कडवे वाल लावलेत तर उगवतील, पण ती जात दाण्यासाठीची, कोवळ्या शेंगांची भाजी त्यातून मिळायची नाही.