नातेवाइकांना आम्ही अपघात सांगितला होता

‘घरात आत्महत्या झाली हे चारचौघांत बोलावं का? मुलीचं लग्न अडेल, लोक नावं ठेवतील, आणि आपलं ऐकून आणखी कुणाच्या डोक्यात तेच आलं तर?’ समुपदेशनासाठी माझ्याकडे येणारी बहुतेक कुटुंबं कधी ना कधी हे विचारतात. विदर्भातल्या एका घराची गोष्ट सांगते. त्यांच्या परवानगीनं, ओळखीचे तपशील बदलून.

सर हायस्कूलमध्ये गणित शिकवायचे. 2022च्या पावसाळ्यात त्यांचा एकोणीस वर्षांचा मुलगा गेला. तेरवीला आलेल्यांनाही ‘अपघात’ म्हणूनच सांगितलं. आठ महिन्यांनी सर आले ते बारा पानी भाषण घेऊन. “मॅडम, कॉलेजा-कॉलेजात जाऊन बोलायचंय. एक पोरगं वाचलं तरी पुष्कळ.” शेजारी बसलेल्या ताई, म्हणजे त्यांच्या पत्नी, एवढंच म्हणाल्या, “हे बोलून मोकळे होतील, फोन मात्र मला येतील.”

मी भाषण वाचलं. त्यात त्या रात्रीचा क्षणन् क्षण होता. मुलगा मात्र कुठेच नव्हता. “कसा होता हो तो?” मी विचारलं. सर गप्प. ताईच म्हणाल्या, “दुधात भाकरी कुस्करून खायचा. गल्लीतल्या कुत्र्याला आधी द्यायचा, मग स्वतः.” सर त्या दिवशी पहिल्यांदा रडले. आठ महिन्यांत पहिल्यांदा.

मी स्पष्ट सांगितलं, आत्ता नको. चांगल्या कामात मन गुंतवलं की दुःख हलकं होतं असं म्हणतात. मला ते अर्धंच पटतं. सरांसाठी ते भाषण म्हणजे रडण्यापासून लांब पळायची वाट होती. शिवाय गोष्ट एकट्या त्यांची नव्हती.

मग वर्षभर आम्ही भेटत राहिलो, बरेचदा चौघं मिळून. लग्नाची काळजी आईला होती, मुलीला नव्हती. ती म्हणाली, “नंतर कळून बोलणी खाण्यापेक्षा आधीच सांगा. ज्याला चालेल तो येईल. फक्त भाषणात माझं नाव नको.” सगळ्यात आधी आजीला खरं सांगायचं ठरलं. आजी म्हणाली, “मला माहीत होतं. तुम्ही बोलायची वाट पाहत होते.”

भाषण नव्यानं लिहिलं. कसं केलं, कुठे केलं, चिठ्ठीत काय होतं, हे सगळं काढलं. असे तपशील ऐकून आधीच खचलेला माणूस त्याच वाटेकडे ओढला जाऊ शकतो. ‘पेपर अवघड गेला म्हणून गेला’ हे वाक्यही काढलं, कारण इतकं सरळ उत्तर क्वचितच असतं. ठेवलं ते शेवटच्या दिवसांतलं: उडालेली झोप, मित्राला देऊन टाकलेली लाडकी सायकल, आणि “मी नसतो तर तुमचा खर्च वाचला असता” हे घरच्यांनी थट्टेवारी नेलेलं बोलणं.

2024च्या 10 सप्टेंबरला, आत्महत्या प्रतिबंध दिनी, ते एका कॉलेजच्या पालकसभेत उभे राहिले. गणिताच्या सवयीनं फळ्यावर आधी आकडा लिहिला: 22,746. 2022 या एका वर्षात महाराष्ट्रात नोंदलेल्या आत्महत्या, देशात सर्वाधिक. “यात एक आमच्या घरचा आहे,” म्हणाले आणि पाणी प्यायले. खाली टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक लिहिला, 14416. चोवीस तास, मोफत, मराठीतही.

सभा संपल्यावर एक शेतकरी बाप मागे थांबला. मुलीनं महिन्याभरापूर्वी प्रयत्न केला होता. पोलीस केसच्या भीतीनं डॉक्टरांना खरं सांगितलं नव्हतं. सरांना कायदा पाठ होता: 2017च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम 115 असा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरून चालतं, आणि त्याच्या उपचाराची जबाबदारी सरकारवर टाकतं. “तिला सरळ विचारलंत का, अजून मरावंसं वाटतं का म्हणून?” बाप दचकला. विचारल्यानं तो विचार मनात रुजत नाही, उलट कोंडलेलं बाहेर पडायला वाट मिळते, हे आम्ही सत्रात कितीदा बोललो होतो. सरांनी तिथूनच मला फोन लावून दिला. दुसऱ्या दिवशी मुलगी मानसोपचारतज्ज्ञांकडे गेली.

त्यानंतर तीन रात्री सर झोपले नाहीत. आपल्या पोराला हा प्रश्न आपण का विचारला नाही, हेच डोक्यात. पुढची दोन निमंत्रणं ताईंनीच फोन करून नाकारली, आणि त्या आठवड्यात दोघंही माझ्याकडे आले, हातात भाषण न घेता.