पीलिंगनंतरचा आठवडा आणि आरसा

केमिकल पील, म्हणजे रसायन लावून त्वचेचा वरचा थर सोलून काढण्याचा उपचार, करून घेतल्यावर चेहरा आधीपेक्षा काळवंडलेला दिसतो, सालपटे निघू लागतात आणि मग ‘आता हा चेहरा कायमचा बिघडला का’ ही धास्ती मनात बसते. लग्नसराईच्या तोंडावर हाच प्रश्न घेऊन इंदूरमधील अनेक तरुणी, आणि हल्ली तरुणही, माझ्याकडे येतात.

रामबाग परिसरातील एक तरुणी अशीच आली होती. मुरुमांच्या डागांसाठी तिने त्वचारोगतज्ज्ञांकडून वरवरचे पील करून घेतले होते आणि पुढच्याच आठवड्यात तिला पाहायला मंडळी येणार होती. ती दर थोड्या वेळाने मोबाइलच्या कॅमेऱ्यात चेहरा न्याहाळत असे, सुटलेली साल नखाने ओढून काढत असे. त्यातच आत्याबाईंनी सुचवलेला डाळीचे पीठ, हळद आणि लिंबाचा लेपही तिने एकदा लावून पाहिला होता. आत्याबाईंचा हेतू चांगलाच होता, पण सोललेल्या त्वचेवर लिंबू म्हणजे जखमेवर मीठच.

मी तिला प्रथम डॉक्टरांना फोन करायला लावले, कारण त्वचा नेमकी कशी आहे हे ठरवणे माझे काम नाही. भरून येण्याचा क्रम योग्य आहे, असे त्यांनी सांगितल्यावरच आम्ही भीतीकडे वळलो. पीलने वरचा थर सैल होतो. तो सुकताना काळपट दिसतो, साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सुटू लागतो आणि बहुधा आठवडाभरात निघून जातो. खालच्या थरातून नव्या पेशी वर येण्यास तरुण वयातही सुमारे चार आठवडे लागतात. साल ओढली की दाह वाढतो, आणि आपल्यासारख्या गव्हाळ-सावळ्या त्वचेत दाहामागून डाग उमटतात, जे कित्येक महिने राहू शकतात. म्हणजे ज्या डागांना ती भीत होती, ते घडवण्याचे काम तिची बोटेच करत होती.

आरशात पाहिल्याने तिला क्षणभर हायसे वाटे आणि लगेच नवी शंका उभी राही. म्हणून आरसा सकाळी व रात्री, चेहरा धुताना, एवढाच ठरवला. फोटो आठवड्यातून एक, त्याच खिडकीपाशी. हात चेहऱ्याकडे गेला की डॉक्टरांनी दिलेले साधे मलम हलक्या हाताने लावायचे, म्हणजे बोटांनाही काम मिळते. सौम्य क्लेन्झर, सनस्क्रीन, ओढणी किंवा टोपी, पुरेशी झोप. याहून अधिक ‘मदत’ शरीराला त्या दिवसांत नको असते. मैत्रिणीने दिलेली गोरेपणाची क्रीम तिने बाजूला ठेवली, हे फार बरे झाले, कारण अशा अनेक मिश्रणांत स्टिरॉइड असते. राजवाड्यावरची रंगपंचमीची गेर, म्हणजे रंग उधळत निघणारी मिरवणूक, मात्र त्या वर्षी तिला सोडावी लागली, आणि त्याची तिला खरी हळहळ वाटली.

वेदना वाढत जाणे, फोड, पू किंवा ताप यांसाठी धीर धरायचा नसतो. त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे. आणि साल निघून गेल्यावरही, इतरांना न दिसणाऱ्या दोषात दिवसाचे तास जात असतील, तर पुढचे सिटिंग घेण्याआधी मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे, असे मी स्पष्ट सांगते. या मुलीच्या बाबतीत तशी वेळ आली नाही. तिच्या आईला मी एवढेच विनवले की पाहुण्यांना दोन आठवडे पुढची तारीख द्यावी. त्यांनी आढेवेढे घेत का होईना, ती दिली.