कॉर्निस कुठे तुटते ते आधी बघा

फोटो सावकाश पाहिले. दर्शनी बाजू ट्यूडर (सोळाव्या शतकातल्या) वळणाची, बागेकडची मात्र सपाट आणि उंच सॅश (वर-खाली सरकणाऱ्या) खिडक्यांची, मग हे मॅनर हाउस (जमीनदाराचा जुना वाडा) नेमकं कुठल्या काळाचं आणि त्यातला पहिल्या मजल्यावरचा फ्लॅट घ्यावा का, असं तुम्ही विचारलंय.

घर दोन काळांचं आहे: दर्शनी बाजू ट्यूडर, बागेकडची नंतरची. इंग्लंडमध्ये हे नेहमी दिसतं. नॉर्थॅम्प्टनशायरमधलं डिंगली हॉल घ्या. १५५०च्या दशकात एडवर्ड ग्रिफिनने बांधलेल्या घराला १६८०च्या दशकात अभिजात (ग्रीक-रोमन वळणाच्या) शैलीची नवी बाजू जोडली गेली. पुढे ते अगदी मोडकळीला आलं होतं. जुन्या वाड्यांची घरं करून ते वाचवणारे किट मार्टिन यांनी १९७०च्या दशकात ते वाचवलं, तेही वेगवेगळ्या घरांत विभागून. अशा वाड्यांची वाटणी त्यांनी शक्यतो उभी केली: प्रत्येक घराला स्वतःचं दार, स्वतःचा जिना, आणि मोठी दालनं अखंड. मला ही पद्धत मनापासून पटते, कारण दालनाची उंची आणि लांबीरुंदी यांचं प्रमाण हीच या घरांची खरी श्रीमंती आहे.

आता तुमचा चौथा फोटो. बेडरूमच्या छताकडची प्लास्टरची कॉर्निस, म्हणजे भिंत आणि छत जुळतात तिथली नक्षीदार पट्टी, तीन भिंतींवरून नीट फिरते आणि चौथ्या भिंतीत शिरून एकदम नाहीशी होते. पानाची नक्षीसुद्धा मध्येच कापली गेलीय. म्हणजे ती भिंत नंतरची, आणि तुमची बेडरूम हा एका मोठ्या दालनाचा तुकडा आहे. भिंत ठोकून बघण्यावर विसंबू नका. लाकडी पट्ट्यांवर चुन्याचं प्लास्टर केलेली जुनी भिंतही पोकळच वाजते. कॉर्निस आणि खालची स्कर्टिंग (भिंतीच्या पायथ्याची पट्टी) मात्र फसवत नाहीत.

ही भिंत परवानगीने घातली का, हे तुमच्या सॉलिसिटरला (खरेदीचे कागद बघणाऱ्या वकिलाला) शोधायला सांगाच. सूचीबद्ध (वारसा म्हणून सरकारी यादीत नोंदलेल्या) इमारतीत तिच्या स्वरूपाला धक्का लावणारे आतले बदलही संमतीशिवाय करता येत नाहीत. तसं करणं हा फौजदारी गुन्हा आहे. आधीच्या मालकाने केलेलं असलं तरी ते पूर्ववत करण्याची नोटीस तुमच्या नावाने येऊ शकते, आणि त्याला कालमर्यादा नाही.

दुसरी गोष्ट आवाजाची. जुन्या तुळयांच्या मधे राख, वाळू, चुना भरलेला असायचा, त्याने आवाज अडायचा. फ्लॅट करताना पाइप टाकायला तो भराव काढला असेल तर वरच्यांचं प्रत्येक पाऊल ऐकू येतं. संध्याकाळी, वरचे घरी असताना जाऊन बसा. खिडक्यांना डबल ग्लेझिंगची (दुहेरी काचेची) परवानगी बहुधा मिळणार नाही, पण आतून दुसरी काच बसवण्याला बऱ्याचदा मान्यता मिळते.

आणि पावसात एक चक्कर मारा. छताच्या दोन उतारांमधल्या शिशाच्या पन्हळी गळत असतील तर ओल वरच्या कोपऱ्यातच दिसेल, आणि त्या दुरुस्तीचा वाटा सर्व्हिस चार्जमधून (इमारतीच्या सामायिक देखभालीच्या वर्गणीतून) तुमच्याकडेच येईल.