नवरा मारत असला तरी बायबलप्रमाणे बायकोनं सोसतच राहायचं का?

तुम्ही लिहिलंय की मैत्रिणीला नवरा मारतो आणि चर्चची माणसं म्हणतात, 'देवाला सोडचिठ्ठीचा तिटकारा आहे, सोस.' बायबल खरंच असं सांगतं का, हा तुमचा प्रश्न.

नाही सांगत. मी मिरजेची, मराठी ख्रिस्ती घरातली. लग्न होऊन गोव्यात वास्कोला आले. हेच वाक्य आमच्या पाळकांनी मला माझ्याच स्वयंपाकघरात बसून ऐकवलं होतं. चहाचा कप मी त्यांना डाव्या हातानं दिला, उजवं मनगट सुजलेलं होतं म्हणून. त्यांनी बायबलमधल्या मलाखी या पुस्तकातलं 2:16 उघडलं, अर्धं वचन वाचलं आणि पुस्तक मिटलं. रात्री मी ते पान काढलं. उरलेल्या अर्ध्यात आपलं वस्त्र जुलमानं माखणाऱ्या माणसाबद्दल लिहिलंय! मूळ हिब्रू वाक्य अवघड आहे, भाषांतरं एकमेकांशी जुळत नाहीत. पण बोलणं कुणाशी चाललंय ते दोनच ओळी वर कळतं: तरुणपणी केलेल्या बायकोशी दगा करणाऱ्या नवऱ्यांशी. नवऱ्यांना भरलेला दम बायकांना ऐकवायची आपल्या लोकांना जुनी खोड आहे.

मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या 19 व्या अध्यायाचंही तेच. परूशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या ज्यू पंथाचे लोक, येशूला विचारतात, वाटेल त्या कारणानं बायको टाकता येते का? तेव्हा ज्यू शास्त्र्यांत यावर वाद होता, शम्माई आणि हिल्लेल या दोन गुरूंच्या शिष्यांमध्ये. शम्माईच्या पंथाचं म्हणणं, तिनं काही निर्लज्ज वर्तन केलं तरच. हिल्लेलचे म्हणत, स्वयंपाक बिघडवला तरी पुरे. सूटपत्र लिहून देणार नवरा, आणि हाल टाकलेलीचे. 'देवाने जे जोडले आहे ते माणसाने तोडू नये' हे उत्तर त्या प्रश्नाला होतं.

येशूनं तिथे अपवाद सांगितला तो जारकर्माचा, म्हणजे व्यभिचाराचा. मारहाणीचं नाव त्यात नाही, हे मान्य करायला हवं, आणि भांडण तिथूनच सुरू होतं. येशूचा प्रेषित पौल 1 करिंथ 7:15 मध्ये म्हणतो, विश्वास नसलेला जोडीदार सोडून गेला तर मागे राहिलेलं माणूस बांधलेलं नाही. हात उचलणाऱ्यानं संसार सोडल्यातच जमा, असं काही प्रोटेस्टंट अभ्यासक यावरून मानतात. मलाही ते पटतं. निर्गम 21:10-11 बघा. दासी म्हणून आणलेल्या बायकोवर दुसरी केली आणि पहिलीचं अन्न, वस्त्र, बायकोचा हक्क तोडला, तर तिनं पैसे न देता मोकळं व्हावं. दासीला एवढं, आणि आम्हाला प्रार्थना करत थांबा?

मैत्रीण कॅथलिक असेल तर तिच्या चर्चच्या लेखी लग्न तुटत नाही, पण वेगळं राहायची मुभा आहे. 1983 च्या कॅनन लॉमधलं, म्हणजे कॅथलिक चर्चच्या कायद्यातलं, 1153 कलम म्हणतं, जोडीदारापासून शरीराला किंवा मनाला गंभीर धोका असेल तर वेगळं होता येतं. थांबण्यात धोका असेल तर बिशपच्या हुकमाचीही वाट बघायची नाही. हे मला शेजारच्या कॅथलिक बाईंनी त्यांच्या फादरना विचारून सांगितलं. वर त्यांचं म्हणणं, "पयलीं जीव सांबाळ गो."

आमच्या पाळकांना मी पुढे एकदाच विचारलं, 1 पेत्र 3:7 माझ्या नवऱ्याला वाचून दाखवलंत का? बायकोला मान न देणाऱ्याच्या प्रार्थना अडतात, असं आहे तिथे. ते म्हणाले, बघू.

कायद्याचं थोडक्यात: गोव्यात 1910 चा घटस्फोटाचा पोर्तुगीज कायदा अजून चालतो, त्यात छळ हे कारण आहे. चर्चमध्ये लागलेल्या लग्नांचे नियम गुंतागुंतीचे, त्यासाठी इथलाच वकील गाठा. 2005 चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा मात्र धर्म विचारत नाही, घटस्फोट न घेताही संरक्षण मिळतं. 181 या महिला हेल्पलाइनवर फोन करता येतो.

आणि तिला एक पिशवी भरून ठेवायला सांगा: आधार, पासबुक, लग्नाचा दाखला, मुलांचे जन्मदाखले. माझी दोन महिने शेजारच्या बाईंच्या कपाटात होती, त्यांच्या नाताळच्या चादरींखाली.