मंगळवारच्या ताईस

प्रश्न: मी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. शाळा सुटल्यावर मुलांसाठी एक वर्ग चालतो, तिथे सात महिने दर मंगळवारी आणि शुक्रवारी स्वयंसेवक म्हणून जाते. तिसरीतला एक मुलगा माझ्याशिवाय कुणाजवळ बसत नाही. तरी इतक्या महिन्यांनंतरही तो ५२ वजा २७ चं उत्तर ३५ लिहितो. माझे मागच्या सत्राचे दोन विषय राहिलेत, परीक्षा दोन महिन्यांवर आली आहे, आणि घरचे म्हणतात हे सगळं बंद कर. मध्ये मी दोनदा गेले नाही, तर नंतर तो तासभर माझ्याशी बोललाच नाही. आता निघताना तो विचारतो, 'ताई, शुक्रवारी येणार ना?' माझं नक्की नसतं, तरी मी 'हो' म्हणते. सुट्टी लागली की गुपचूप जाणं थांबवावं असं वाटतं. त्याला रडवण्यापेक्षा ते बरं ना?
– मंगळवारची ताई

प्रिय ताई,

गुपचूप गायब होऊ नकोस. थांबायचं असेल तर थांब, अभ्यासासाठी थांबण्यात काही चूक नाही. पण त्याला सांगून थांब.

मी हे इतक्या ठामपणे का म्हणते ते सांगते. तुझ्याच वयाची असताना मीही मुलांच्या एका वर्गावर जायचे. परीक्षा आली, एक आठवडा चुकला, मग दुसरा, मग जायचीच लाज वाटायला लागली. बऱ्याच दिवसांनी वर्ग सांभाळणाऱ्या बाई रस्त्यात भेटल्या. रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, 'मुलं पहिले काही गुरुवार तुझी चटई अंथरून ठेवायची.' ती रिकामी चटई अजून माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. रडणारं मूल आपल्याला दिसतं, म्हणून आपण त्याला घाबरतो. वाट बघणारं मूल दिसत नाही, एवढाच फरक.

मुलाला माणूस का आलं नाही हे कळलं नाही, तर कारण ते स्वतःत शोधतं. मी दंगा केला म्हणून, माझं गणित चुकलं म्हणून ताई येत नाही. तो तुझ्याशी तासभर बोलला नाही, त्यात रुसवा होताच. पण मला वाटतं, तू खरंच परत आलीस की नाही हेही तो चाचपून बघत होता.

जीन ग्रॉसमन आणि जीन ऱ्होड्स यांचा २००२ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. १० ते १६ वयाची मुलं आणि त्यांना नेमून दिलेले मोठे स्वयंसेवक, अशा जोड्यांचा. ज्या जोड्या वर्षभर किंवा जास्त टिकल्या, त्यांतल्या मुलांना सगळ्यांत जास्त फायदा झाला. ज्या फारच लवकर तुटल्या, त्यांतली मुलं काही बाबतींत आधीपेक्षा मागे गेली. तुझा मुलगा लहान आहे आणि तुझा वर्ग अनेक मुलांचा आहे, त्यामुळे हे जसंच्या तसं लागू करू नकोस. पण नियमित येण्याचं वजन किती असतं, ते यातून कळतं. सात महिने तू ते वजन उचललंस. ते वाया गेलेलं नाही.

आता त्या ३५ कडे येऊ, कारण तुझं अर्धं दुःख तिथे आहे असं पत्रावरून वाटतं. तो निष्काळजीपणे लिहीत नाहीये. एककात २ मधून ७ जात नाहीत, म्हणून तो ७ मधून २ काढतो, ५ लिहितो. दशकात ५ मधून २ गेले, ३. झाले ३५. त्याच्या मनात एक पक्का नियम आहे: मोठ्यातून लहान वजा करायचं. ही चूक जगभरच्या मुलांमध्ये दिसते. त्याला ४१ वजा १८ घालून बघ. ३७ लिहिलं, तर माझं म्हणणं बरोबर. मग फळा बाजूला ठेव आणि काड्या घे. दहा-दहाच्या पाच जुड्या बांध, दोन काड्या सुट्या ठेव, आणि म्हण, 'यातल्या २७ मला दे.' दोन जुड्या तो लगेच देईल. सात सुट्या द्यायची वेळ आली की हात थांबेल. तू काही बोलू नकोस, त्याला थांबू दे. जुडीचा दोरा त्याच्या हाताने सुटला पाहिजे. हातचा घेणं म्हणजे काय, ते त्याला त्या क्षणी समजेल, आणि कागदावर उतरायला आणखी दोन-चार वेळा लागतील. एवढं तुझ्याकडच्या दिवसांत नक्की होईल.

दिवसांचं म्हणशील तर शुक्रवार सोड, मंगळवार ठेव. दोन महिने आठवड्याचा एक तास गेल्याने तुझे विषय बुडणार नाहीत. घरच्यांना 'सगळं नाही, अर्धं बंद केलं' असं सांगता येईल, आणि त्यांची काळजीही खोटी नाही, तेव्हा राहिलेल्या दोन विषयांचं वेळापत्रक त्यांना दाखव. मंगळवारीही जमणारच नसेल, तर शेवटचा दिवस आत्ताच ठरव. वर्ग चालवणाऱ्यांना आधी कळव, म्हणजे पुढच्या दोन-तीन वेळा दुसरी एखादी ताई किंवा दादा तुमच्या शेजारी येऊन बसू शकेल. तो मुलगा एकट्या तुझ्याजवळच बसतो, हे तुला सुखावत असेल, पण त्याच्यासाठी ते फार चांगलं नाही. त्याला आणखी एक जागा करून दे.

आणि तो 'हो' आजपासून बंद कर. नक्की नसेल तेव्हा 'अजून माहीत नाही, पण मंगळवारी नक्की' असं म्हण. 'मी अधूनमधून भेटायला येईन' हेही मनापासून येणार असशील तरच बोल.

सांगायचं ते निघताना, चपला घालताना सांगू नकोस. आल्या-आल्या सांग, कॅलेंडर समोर ठेवून. माझी परीक्षा आहे, म्हणून मी इतके मंगळवार येणार, त्यात तुझी काही चूक नाही. ते मंगळवार त्यालाच मोजू दे, पेन्सिलीने गोल करू दे. तो रुसेल, कदाचित उठून दुसऱ्या कोपऱ्यात जाईल. तू तुमच्या जागेवरच बसून राहा, काड्यांच्या जुड्या काढून ठेव. तास संपायला वेळ आहे, तो येईल.

तुझी,
मावशी